अढीत घातलेला राग

[पडद्यावर: तांब्याचा पत्रा. त्यावर उलटी अक्षरं काढणारा हात.]

लंडनचा लॅम्बेथ भाग. १७९० नंतरची तीन-चार वर्षं. हर्क्युलस बिल्डिंग्ज नावाच्या घरांच्या ओळीत विल्यम ब्लेक हा इंग्रज कवी-चित्रकार तांब्याच्या पत्र्यावर कविता लिहितो आहे. लिहितो आहे उलटी, म्हणजे छापल्यावर ती सुलटी उमटेल. अक्षरं रोगणाने काढायची, मग पत्र्यावर आम्ल ओतायचं. रोगण आहे तिथे आम्लाचं काही चालत नाही. बाकीचं तांबं झिजतं आणि अक्षरं वर उठून राहतात. छापायला आणि रंगवायला हाताशी बायको आहे, कॅथरिन. १७८२ मध्ये लग्नाच्या नोंदीवर तिने सहीऐवजी फुली काढली होती. पुढे ब्लेकनेच तिला लिहायला-वाचायला शिकवलं.

१७९४ साली या घरातून 'साँग्ज ऑफ इनोसन्स अँड ऑफ एक्स्पीरियन्स' हे पुस्तक बाहेर आलं. त्यात सोळा ओळींची एक कविता आहे, 'अ पॉयझन ट्री'. विषवृक्ष.

[पडद्यावर: कवितेचं पान. कॅमेरा ओळींवरून सावकाश सरकतो.]

मराठीत सांगायची तर ती अशी. मित्रावर रागावलो, बोलून टाकलं, राग सरला. शत्रूवर रागावलो; बोललो नाही, राग वाढला. आणि भ्यायलेल्या मनाने रात्री, सकाळी त्याला आसवांचं पाणी घातलं. आणि हसण्याचं ऊन दिलं, आणि गोड गोड कपटाचं. आणि तो दिवसरात्र वाढत राहिला, एक लखलखीत सफरचंद धरेपर्यंत. आणि शत्रूने ते चमकताना पाहिलं. आणि ते माझं आहे हे त्याने ओळखलं. आणि काळोख दाटल्यावर तो माझ्या बागेत शिरला. सकाळी मी आनंदाने पाहतो: शत्रू झाडाखाली आडवा पडलेला.

'राग मनात ठेवू नका' हे तात्पर्य पहिल्या चार ओळींतच संपतं. ब्लेकला तेवढंच सांगायचं असतं तर पुढच्या बारा ओळी उलट्या अक्षरांत लिहायचे कष्ट त्याने घेतले नसते.

त्या बारा ओळींत राग दाबलेला नाही, जोपासलेला आहे. नेमाने, एखाद्या मन लावून काम करणाऱ्या माळ्यासारखा. आपण रागाला 'खतपाणी घालणं' म्हणतो, ते इथे अक्षरशः घडतं. आणि मराठीत याहून जवळचा एक शब्द आहे: अढी. कच्चे आंबे गवतात घालून पिकवतात ती अढी, आणि एखाद्याविषयी मनात धरतो तीही अढीच. अंधार, ऊब आणि वाट पाहणं. वरून काही दिसत नाही, आत फळ गोड होत असतं.

ब्लेकचं सफरचंद असंच पिकतं. मात्र एक फरक आहे. अढीतला आंबा झाकलेला असतो. इथे फळ उघड्यावर चमकतं, शत्रूला दिसेल असं. हसणं, गोड बोलणं हे राग लपवण्यासाठी आहे, असं पहिल्या वाचनात वाटतं. पुन्हा वाचा. फळावरची लकाकी आली आहे ती त्या हसण्यातूनच.

[पडद्यावर: दाट रान. एका उंच झाडाचं खोड.]

विषारी झाडाची कल्पना तेव्हाच्या लंडनला नवी नव्हती. जावा बेटावरच्या उपास नावाच्या झाडाविषयी भयंकर अफवा पसरल्या होत्या: त्याच्या आसपास काही उगवत नाही, जवळ जाणारा परत येत नाही. १७८९ मध्ये इरॅस्मस डार्विन या वैद्य-कवीने ते झाड कवितेत आणलं, आणि याच कवीच्या पुढच्या ग्रंथासाठी ब्लेकने चित्रं कोरली. (उपास आपल्याकडेही आहे. कोकणात, गोव्यात त्याला चांदकुडा म्हणतात. चीक विषारी खरा, पण त्याच्या सावलीत बसून कुणी मरत नाही.) अफवेतलं झाड लोकांना लांब ठेवतं. ब्लेकचं झाड बोलावतं.

बाग, झाड, निषिद्ध फळ, चोरून घेणारा हात. बायबल वाचणाऱ्या त्या समाजाला एदनची बाग, देवाने मना केलेलं फळ आदम-हव्वाने खाल्लं ती, लगेच ओळखू आली असणार. पण तिथे भुरळ घालायला साप होता. इथे साप नाही. झाड ज्याचं, भुरळही त्याचीच. मग मूळ कथेतल्या बागेच्या धन्याकडेही नजर वळते: फळ इतकं देखणं कशासाठी केलं होतं? ब्लेक श्रद्धाळू होता, धाकात ठेवणाऱ्या धर्मावर मात्र त्याचा राग होता. त्याच्या वहीत या कवितेचा कच्चा खर्डा आहे आणि तिथे शीर्षक वेगळं आहे: 'क्रिश्चन फॉरबेअरन्स'. ख्रिस्ती सहनशीलता. ते नाव वर ठेवून कविता वाचली की अंगावर काटा येतो. राग गिळून हसणारा, कुणालाही न दुखावणारा हा सज्जन रोज रात्री काय शिंपतो आहे ते दिसतं. त्याच सुमारास ब्लेकने दुसरीकडे लिहिलं होतं की शिकवणीच्या घोड्यांपेक्षा क्रोधाचे वाघ अधिक शहाणे असतात.

आता कवितेची बांधणी पाहा. सोळांपैकी सात ओळी 'आणि'ने सुरू होतात, लहान मूल गोष्ट सांगतं तशा. कुठे थांबून विचार नाही. 'विष' हा शब्द शीर्षकाबाहेर कुठेही येत नाही. राग झाला, रागाचं फळ झालं, पण 'झाड' म्हणून त्याचा उच्चार होतो तो अगदी शेवटच्या शब्दात, प्रेत खाली पडल्यावर. सांगणाऱ्यालाही आपण काय वाढवलं ते तेव्हाच दिसत असावं.

आणि क्रियापद. रागावलो, बोललो, वाढला, शिरला: सगळं भूतकाळात. शेवटी एकदम 'पाहतो'. वर्तमानकाळ. शत्रू रात्रीच मेला, पण ती सकाळ अजून सरलेली नाही.

[पडद्यावर: पानाचा खालचा भाग. आवाज थांबतो.]

कवितेखाली ब्लेकने चित्र काढलं आहे. झाड निष्पर्ण. त्याखाली एक माणूस उताणा, दोन्ही हात पसरलेले. पाहणारा आनंदी माळी चित्रात कुठेही नाही. तो जिथे उभा असेल, तिथे आत्ता आपण उभे आहोत.