डॉक्टरांच्या नोंदीत काय होतं?

नमस्कार श्रोतेहो.

मुलगा मोबाइलवर बंदुकीचा गेम खेळतो आणि एक दिवस शाळेतून निरोप येतो की त्यानं वर्गातल्या पोराला मारलं. घरात लगेच निकाल लागतो, 'हे त्या गेममुळेच.' आईवडिलांची काळजी खरी आहे, ती मी मुळीच उडवून लावणार नाही. पण हा विषय निघाला की मला १९५४ सालची न्यूयॉर्कची एक हकिकत सांगितल्याशिवाय राहवत नाही. तेव्हा व्हिडिओ गेम नव्हते. तेव्हा लोक घाबरले होते कॉमिक्सना, चित्रकथांच्या अंकांना.

न्यूयॉर्कमध्ये हार्लेम नावाचा भाग आहे, तेव्हा ती मुख्यतः कृष्णवर्णीयांची वस्ती होती. तिथं १९४६मध्ये फ्रेडरिक वर्थम नावाच्या मनोविकारतज्ज्ञांनी एका चर्चच्या तळघरात दवाखाना उघडला. फी २५ सेंट, आणि तेवढेही नसतील तर फुकट. गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या शाळा वेगळ्या ठेवल्या की मुलांच्या मनाला इजा होते, अशी साक्ष याच डॉक्टरांनी डेलावेअरच्या कोर्टात दिली होती. पुढे मे १९५४मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं त्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या, त्यात हा डेलावेअरचा खटलाही होता. हे सगळं मुद्दाम सांगते आहे. माणूस चांगला होता. मुलांविषयी त्यांना मनापासून कळवळा होता.

या डॉक्टरांकडे मारामाऱ्या करणारी, शाळा बुडवणारी मुलं यायची. ती सगळी कॉमिक्स वाचायची. डॉक्टरांनी पुस्तक लिहिलं की कॉमिक्स मुलांना गुन्ह्याकडे नेतात. आता, त्या काळात अमेरिकेतली बहुतेक मुलं कॉमिक्स वाचत होती. पहिला नंबर काढणारी मुलंही वाचत होती. पण ती कशाला डॉक्टरांकडे जातील?

देश आधीच तापलेला होता. काही गावांत तर शाळेच्या आवारात कॉमिक्सच्या होळ्या पेटल्या होत्या. मग २१ एप्रिल १९५४ रोजी सिनेटच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरच्या सभागृहाच्या, समितीनं न्यूयॉर्कमध्ये सुनावणी ठेवली. डॉक्टरांची साक्ष झाली. आणि मग आपण होऊन साक्षीला उभा राहिला विल्यम गेन्स, भयकथांचे अंक छापणारा ३२ वर्षांचा प्रकाशक. सिनेटर केफॉवर यांनी त्याच्याच एका अंकाचं मुखपृष्ठ त्याच्यासमोर धरलं. चित्रातल्या माणसाच्या एका हातात कुऱ्हाड आणि दुसऱ्या हातात बाईचं तोडलेलं मुंडकं. त्यांनी विचारलं, हे तुम्हाला सुरुचीला धरून वाटतं का? गेन्स म्हणाला, हो, भयकथेच्या मुखपृष्ठाला चालेल असं आहे. मुंडकं आणखी वर धरून मानेतून ठिबकणारं रक्त दाखवलं असतं, तर ते वाईट झालं असतं.

दुसऱ्या दिवशी हे उत्तर न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर होतं. तिथंच निकाल लागल्यासारखा झाला. त्याच वर्षी प्रकाशकांनी घाबरून स्वतःवरच कडक नियमावली लादून घेतली. गेन्सचे भयकथांचे अंक बंद पडले, शेकडो चित्रकार आणि लेखकांचं काम गेलं. आणि त्या नियमावलीच्या कार्यालयानं पुढे कशावर बोट ठेवावं? एका अंतराळकथेचा नायक कृष्णवर्णीय दाखवला होता, त्यावर! हार्लेमच्या तळघरात ज्या मुलांसाठी डॉक्टर राबले, त्यांच्यासारखा दिसणारा नायक या नियमांच्या नावाखाली नको झाला. मला हे आजही फार लागतं.

वर्थम १९८१मध्ये वारले. त्यांचे कागद वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये गेले आणि २०१०मध्ये अभ्यासकांना खुले झाले. ग्रंथालयशास्त्राच्या प्राध्यापक कॅरल टिली यांनी मूळ नोंदी आणि छापील पुस्तक शेजारी शेजारी ठेवून वाचलं. पुस्तकात एक १३ वर्षांची मुलगी आहे. ती शाळा बुडवते आणि तिला कॉमिक्समधल्या रानात राहणाऱ्या नायिकेचं वेड आहे. डॉक्टरांच्या नोंदीत याच मुलीबद्दल लिहिलं होतं की ती घरातून पळून गेलेली आहे आणि टोळीत सामील आहे. हे पुस्तकात आलंच नाही. कुठं मुलांची वाक्यं बदललेली, कुठं एकाचं बोलणं अनेकांच्या तोंडी घातलेलं. पुन्हा सांगते. नोंदीत टोळी होती, घर सोडून पळणं होतं. पुस्तकात उरलं फक्त कॉमिक्स.

हे कळलं कशामुळे? कागद जपले म्हणून. आपल्याकडे जुन्या शाळांची हजेरीपुस्तकं, दवाखान्यांच्या नोंदी, नाटक मंडळींचे हिशेब सरळ रद्दीवाल्याकडे जातात. प्रत्येक जिल्ह्याला एक धड अभिलेखागार हवं, हे मी संधी मिळेल तिथं बोलत राहणार.

तर गेम. २०१९मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ब्रिटनमधल्या १४-१५ वर्षांच्या सुमारे हजार मुलांना काय खेळता ते विचारलं आणि वागणं कसं आहे ते त्यांच्या पालकांना विचारलं. हिंसक गेम आणि आक्रमक वागणं यांचा संबंध आढळला नाही. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेनं २०२०मध्ये म्हटलं की ओरडणं, ढकलणं अशा वागण्याशी छोटासा संबंध दिसतो, पण खऱ्या हिंसेचं खापर गेमवर फोडायला पुरेसा पुरावा नाही. म्हणजे ढकलाढकली, थोडीफार, हो. खून, हाणामाऱ्या, याला पुरेसा पुरावा नाही.

आपल्याकडे मार्च २०१९मध्ये राजकोटला पबजीवर बंदी आली, खेळणाऱ्या तरुणांना अटकही झाली. सप्टेंबर २०२०मध्ये केंद्रानं ११८ ॲप बंद केली, त्यात पबजी होता, पण ते देशाच्या सुरक्षेचं आणि डेटाचं कारण देऊन. मुलांच्या मनाचा तिथं प्रश्नच नव्हता. आणि गेमवर बोलताना बातम्यांच्या वाहिन्यांना कुणीच विचारत नाही. खऱ्या खुनाचं सीसीटीव्ही चित्रण ऐन जेवणाच्या वेळी लाल गोल काढून पुन्हा पुन्हा दाखवतात. सहा वर्षांचं पोर पानावर बसलेलं असतं. तो टीव्ही आधी बंद करा.

लहान मुलाला मोठ्यांचे गेम देऊ नका, गेमवर वयाचा आकडा छापलेला असतो, तो बघा. पण मुलगा मारामारी करून आला तर फोन काढून घेऊन थांबू नका. तो रात्री किती झोपतो? घरात त्याला कोण मारतं? शाळेत त्याला कोण छळतं? संध्याकाळी खेळायला मैदान तरी आहे का, की तिथं आता पार्किंग झालंय? नोंदीत हे सगळं येऊ द्या, नुसता गेम नको.

आणि घरात बोलून सुटत नसेल, तर सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची मोफत सेवा आहे. ती चोवीस तास चालते, मराठीतूनही बोलता येतं. नंबर लिहून घ्या, १४४१६. परत सांगते, एक, चार, चार, एक, सहा. नमस्कार.