पावसात बोलणारं पॅनल
(ठाण्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. समोर निम्मे चेहरे ठाणे-बेलापूर पट्ट्यातले दिसतायत, रबाळे-महाप्याच्या सबस्टेशनांत आयुष्य काढलेले. त्यामुळे पार्शल डिस्चार्ज (पीडी) म्हणजे काय, इथपासून सुरुवात करत नाही. इन्सुलेशनचा एखादा कोपरा किंवा त्याला लागून असलेली हवा तेवढी फुटते, ठिणगी पलीकडच्या टोकाला पोचत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. मला बोलायचंय ते रिपोर्टमधल्या एका ओळीबद्दल. ‘पीडी आढळला, अमुक पिकोकुलोंब, उपकरण बदलावे.’ पिकोकुलोंब हे ठिणगीतल्या विद्युतभाराचं माप. पण कोणत्या जातीचा पीडी? त्याचा उल्लेखच नसतो. ही ओळ वाचली की मला आजही राग येतो.

पावसाळ्यात ताप आला की आपले जुने डॉक्टर काय विचारायचे? ताप किती, ते थर्मामीटर सांगायचाच. ते विचारायचे, थंडी वाजून येतो का, एक दिवसाआड येतो का. वेळेवरून हिवतापाचा संशय घ्यायचे. पीडीचंही तसंच. आपल्या 50 हर्ट्‌झच्या विजेचं एक आवर्तन 20 मिलिसेकंदांचं, म्हणजेच 360 अंशांचं. त्यात ठिणगी चढावर पडते की शिखरावर, एकाच अर्ध्या भागात की दोन्हींत, यावर तिची जात ठरते.

आता एक गोष्ट सांगते. नवी मुंबईतला एक कारखाना, नाव राहू दे. 22 केव्हीचं, म्हणजे 22 हजार व्होल्टचं स्विचगिअर, वीज जोडणारी-तोडणारी पॅनलं. जुलै महिना, खाडीवरची दमट हवा. रात्रपाळीचे ऑपरेटर काका दोन वर्षं एकच सांगत होते, “मॅडम, पाऊस लागला की पॅनल बोलतं.” तव्यावर पाण्याचे थेंब पडावेत तसा चुरचुर आवाज. ऊन पडलं की बंद. हे त्यांनी लॉगबुकात लिहून ठेवलं होतं, तारखा टाकून! ते पान कुणी उघडलंच नाही.

बाहेरची एक एजन्सी आली, आकडा मोठा आला, ठपका सीटींवर, म्हणजे करंट मोजण्यासाठीच्या ट्रान्सफॉर्मरांवर. शटडाउन घेऊन तिन्ही सीटी बदलले. पुढच्या पावसात पॅनल पुन्हा बोलायला लागलं. काढलेले सीटी प्रयोगशाळेत तपासले, तिन्ही स्वच्छ. चांगला माल भंगाराच्या कोपऱ्यात पडला होता. ते पाहून मला जे वाटलं ते अजून विसरले नाही.

मी गेले तेव्हा आधी काकांचं लॉगबुक वाचलं, मग सेन्सर लावले. केबली सिंगल कोअर, म्हणून प्रत्येकीच्या अर्थिंगच्या तारेवर वेगळा. दोन गोष्टी दिसल्या. दोन फेजच्या केबलींवर एकाच क्षणी पल्स येत होते, पण उलट दिशेचे. आणि आवर्तनावर प्रत्येक पल्सचा ठिपका मांडला, तर त्या ठिपक्यांचा पुंजका फेज-ते-अर्थ (जमीन) व्होल्टेजच्या मानाने 30 अंश सरकलेला होता. समोरच्या जाणत्यांच्या माना हलल्या, बरोबर! दोन फेजमधलं व्होल्टेज तेवढंच सरकलेलं असतं. सीटीचं इन्सुलेशन फेज आणि अर्थच्या मध्ये. हा डिस्चार्ज फेज आणि फेजच्या मध्ये होता. म्हणजे सीटी निर्दोष.

केबल बॉक्स उघडला. बाहेरचं धातूचं वेष्टण (स्क्रीन) काढलेली दोन केबलींची टोकं एकमेकींना चिकटून गेलेली, त्या फटीत पांढरी भुकटी, लगतच्या तांब्यावर हिरवट थर. डिस्चार्जमुळे हवेतल्या नायट्रोजनची ऑक्साइडं तयार होतात, दमटपणात त्यांचं आम्ल होतं, त्याची ही खूण. शिवाय पॅनल कोरडं ठेवणारा स्पेस हीटर जळालेला. टोकं दूर केली, साफ केली, हीटर बदलला. पॅनल गप्प झालं. काकांना बोलावून ती भुकटी दाखवली, कारण निदान त्यांचं होतं.

थोडं विषयांतर. 1777 च्या सुमाराला जर्मनीतल्या ग्योटिंगेनला भौतिकशास्त्रज्ञ लिख्टेनबर्ग यांना राळेच्या चकतीवर बसलेल्या धुळीत आकृत्या दिसल्या. धन विद्युतभाराची फांद्या फुटलेली, ऋण भाराची गोलसर. आपण ज्या झेरॉक्स काढतो त्यांचंही मूळ तिथंच. धन आणि ऋण ठिणगीचा स्वभाव वेगळा, हे धुळीनं तेव्हाच सांगितलं होतं. आपले रिपोर्ट मात्र आवर्तनाचे दोन भाग वेगळे बघतसुद्धा नाहीत.

चिठ्ठी आली, सात मिनिटं उरलीत. कबूल केलेला विषय, म्हणजे पीडीच्या जाती, आता भराभर सांगते.

कोरोना: उघड्या टोकाशी, हवेत. टोक हाय व्होल्टेजवर असेल तर आधी ऋण शिखराशी, अर्थवर असेल तर धन शिखराशी. पल्सची उंची साधारण एकसारखी, व्होल्टेज वाढवलं की संख्या वाढते. पोकळी: एपॉक्सीत किंवा केबलच्या इन्सुलेशनमध्ये अडकलेला बुडबुडा. दोन्ही भागांत, शिखराच्या आधी, चढावर, जवळपास सारखाच. हा लहान दिसला तरी धोक्याचा, कारण आतून पोखरतो आणि पुढे फांद्यांसारख्या भेगांचं झाड वाढतं. पृष्ठभागावरचा: बहुतेकदा दोन भागांत विषम, उंची विखुरलेली, दमटपणाबरोबर बदलणारा. सुटा धातू, म्हणजे सैल बोल्ट किंवा कनेक्शन सुटलेली शील्ड: मोठे, एकाच उंचीचे पल्स, दोन्हीकडे, ओळीत लावल्यासारखे. मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हचा उपद्रवही आवर्तनाशी जुळून येतो, तो आधी वगळा.

आणि पिकोकुलोंब म्हणजे कुलोंबाचा लाख कोटीवा भाग. आयईसी 60270 या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे आपण मोजतो तो भासमान भार, बाहेरून टोकांवर दिसणारा, पोकळीतला खरा नव्हे. मर्यादाही उपकरणागणिक वेगळी: कोरड्या ट्रान्सफॉर्मरला 10 पिकोकुलोंब, तेलाच्या मोठ्याला 250. उपकरण आणि जात न सांगता आलेल्या आकड्यावर शटडाउन मागू नका.

रेफरन्स, म्हणजे अंश मोजायला कोणत्या फेजचं व्होल्टेज घेतलं, ते लिहाच. चुकीचा घेतलात तर सगळं चित्र 120 अंश सरकतं आणि शिखरावरचा कोरोना चढावरच्या पोकळीसारखा दिसू शकतो.

वेळ संपली. बाहेर टेबलावर अशाच ठिपक्यांच्या चार आकृत्या ठेवल्यात, खाली नावं लिहिलेली नाहीत. एकीचा रेफरन्स मी मुद्दाम चुकीचा घेतलाय. ती कोणती, ते चहा घेता घेता मला येऊन सांगा.