खोली एक, संसार तीन

(वरळी. चाळीचा लांब व्हरांडा, दोन्ही अंगांना खोल्यांची दारं.)

निवेदन :

बीडीडी, म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटची चाळ. १९२०च्या दशकातलं बांधकाम. तळमजला अधिक तीन, मजल्यावर २० खोल्या, म्हणजे इमारतीत ८०. खोली १६० चौरस फुटांची, संडास सामायिक. एवढ्यात आई-वडील, थोरल्याचा संसार आणि धाकटा. रात्री पोटमाळ्यावर जोडपं, खाली म्हातारी माणसं, धाकट्याची चटई व्हरांड्यात. फोनवर बोलायचं तर जिन्यात जायचं.

इथल्या पंचविशीतल्या पोरांना एकत्र राहण्याबद्दल विचारा, बोलणं आधी दारावर येतं. आतून कडी लावता येईल असं स्वतःचं दार त्यांना हवं असतं.

पुनर्विकासात खोलीच्या बदल्यात नव्या टॉवरमध्ये ५०० चौरस फुटांचं, दोन बेडरूमचं घर आहे. वरळीत ऑगस्ट २०२५मध्ये पहिल्या चाव्या हातात पडल्या. एक बेडरूम आई-वडिलांना, दुसरी थोरल्याला. धाकट्याचं लग्न ठरलं की तिसरं दार कुठून आणायचं?

भांडणाचं मूळ मात्र बहुधा कागदात असतं. खोलीमागे घर एकच, घरात माणसं कितीही असोत. वडील गेल्यावर खोली एकाच्या नावावर करायची तर बाकीच्या वारसांची संमती लागते, आणि लग्न होऊन गेलेली बहीणही वारस असते. ‘आधी सही कर, मग बघू’ म्हणून सह्या होतात आणि घराला कोटीत भाव आला की भावंडं कोर्टात उभी राहतात. कोण राहणार, बाहेर पडणाऱ्याला काय आणि कधी मिळणार, हे सहीआधीच लिहून घ्यावं.

घरखर्चाचंही तसंच. समान वाटणी कमी कमावणाऱ्याला टोचते. एकाला ३० हजार, दुसऱ्याला ६० हजार पगार आणि सामायिक खर्च २४ हजार असेल, तर ८ आणि १६ ही वाटणी निभते. किराणा, वीज, गॅस, आईची औषधं त्यातच धरायची.

पैशाची वाटणी तरी होते, कामाची होतच नाही. सकाळचं पाणी भरणं, डबे, संध्याकाळच्या पोळ्या, सगळं नोकरीवरून आलेल्या सुनेच्याच अंगावर पडतं. मुली एकत्र कुटुंबाला नाही म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे हेच असतं, आणि त्यांचं चुकत नाही. पोळ्यांना बाई लावायची तर तिचा पगारही सामायिक खर्चातूनच जायला हवा.

वेगळं व्हायचं म्हटलं तर परवडतं ते बदलापूर, विरार. तिथे गेल्यावर तान्हं बाळ सांभाळायला आजी नाही. म्हणून बरीच जोडपी आधी त्याच टॉवरमध्ये भाड्याचं घर शोधतात.