रिकाम्या खाटेचा हिशेब

मघाशी निवेदकांनी ‘कार्यक्षमता’ हा शब्द तीनदा उच्चारला. मी मोजत होतो. सरकारी रुग्णालयाच्या बैठकीत हा शब्द निघाला की पाठोपाठ तक्ता येतो, आणि त्यात वरच असतं: खाटा किती टक्के भरल्या? खाट रिकामी दिसली की हिशेब तपासणाऱ्यांच्या पोटात गोळा येतो. जनतेचा पैसा पडून राहिला, असं वाटतं.

पण काही खाटा रिकाम्या का लागतात, ते कळायला एक खिडकी आणि एक कारकून, अशी रांग डोळ्यांसमोर आणा. माणसं वाट्टेल तेव्हा येतात, कुणाचं काम दोन मिनिटांचं, कुणाचं वीस. कारकून ८० टक्के वेळ कामात असेल, तर आपला नंबर लागेपर्यंत कामाच्या सरासरी वेळेच्या चौपट थांबावं लागतं. ९० टक्क्यांना नऊपट. ९५ टक्क्यांना एकोणीसपट! वॉर्डात खाटा पुष्कळ, म्हणून चढण इतकी उभी नसते. पण चढण असतेच. १९९९ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये संगणकावर रुग्णालय मांडून केलेला एक अभ्यास आला. सरासरी ८५ टक्क्यांपुढे खाटा भरल्या की धोका जाणवू लागतो आणि ९० च्या पुढे खाटांची टंचाई नेहमीची होते, असं त्यात दिसलं. ८५ हा काही मंत्र नव्हे. मोतीबिंदूचा वॉर्ड याहून भरलेला चालेल, कारण तिथे रुग्ण तारीख घेऊन येतात. अतिदक्षता विभागाला ती सोय नाही.

खाटा संपल्या की न्यूमोनियाचा रुग्ण हाडांच्या वॉर्डात जातो. डॉक्टर राउंडला त्याला शोधत फिरतात. ठरलेली शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाते. थिएटर, भूलतज्ज्ञ, सर्जन सगळे तयार, फक्त नंतर रुग्णाला ठेवायला जागा नाही. ही कसली काटकसर?

इंग्लंडमधल्या स्टॅफर्डच्या रुग्णालयाने २००६-०७ मध्ये एक कोटी पौंड वाचवायचं ठरवलं आणि माणसं कमी केली. २००८ मध्ये त्याला जादा स्वायत्ततेचा दर्जाही मिळाला, म्हणजे कागदावर सगळं ठीक होतं. वकील रॉबर्ट फ्रान्सिस यांनी पुढे तिथल्या कारभाराची चौकशी केली, तीत मात्र नातेवाइकांनी सांगितलं, की जेवण आणि पाणी रुग्णाचा हात पोहोचणार नाही असं ठेवलेलं असायचं. पाण्याच्या पेल्याला कोणत्याच तक्त्यात रकाना नव्हता.

मग वाचवायचं कुठे? मी डिस्चार्जकडे बोट दाखवेन. सकाळच्या राउंडला ‘आज घरी जा’ सांगितलेला रुग्ण कार्ड, औषधं, शेवटचा रिपोर्ट आणि गाडी यांची वाट बघत संध्याकाळपर्यंत खाटेवर बसून असतो. तक्त्यात ती खाट भरलेली. खाली कॅज्युअल्टीत त्याच खाटेसाठी कुणीतरी स्ट्रेचरवर. इथले चार तास कमी करायला एकही नर्स कमी करावी लागत नाही; उलट सही करणारा डॉक्टर दुपारऐवजी सकाळी मोकळा हवा, आणि औषधांची यादी आदल्या रात्रीच फार्मसीत गेलेली हवी.