शेपूट, कान आणि केरीची तांबडी

(केरीचा किनारा, सूर्य अजून वर आलेला नाही)

केरी, तालुका पेडणे. रापणीचं जाळं किनाऱ्याला लागत आलं आहे. दोरीला दहा-बारा हात लागलेत, आणि वाळूवर बसून लक्ष ठेवायला ही तांबडी कुत्री. जाळ्यातून एखादी तारली निसटते का, एवढंच तिचं काम. कुठल्या जातीची, असं विचारल्यावर रापणकार दोरी न सोडताच म्हणाले, "आमचेंच सुणें तें."

उत्तर बरोबर आहे. पण आपण जरा जवळून बघू.

(डोक्याचा जवळचा शॉट)

डोकं पाचरीसारखं, कानांकडे रुंद आणि नाकाकडे निमुळतं. कान उभे, टोकदार. डोळे बदामाच्या आकाराचे, तपकिरी. केस आखूड, अंगाला चिकटलेले. छाती खोल, पोट आत ओढलेलं. आता ती उठतेय... शेपूट बघा. पाठीवर वळली, जणू विळाच.

ही सगळी लक्षणं एकत्र दिसली, तर समोर गावठी कुत्रा आहे. हा शब्द आपण 'कसल्याच जातीचा नाही' अशा अर्थाने वापरतो आणि तिथेच चुकतो. कुणी वंशावळ लिहून, जोड्या लावून हा कुत्रा घडवलेला नाही, हे खरं. तरीही केरीतली ही आणि इथून शेकडो कोस दूरच्या एखाद्या खेड्यातला तिचा भाऊबंद शेजारी उभे केलेत, तर सख्खे वाटतील. उन्हाने, उकिरड्याने आणि माणसाच्या शेजाराने घडवलेलं हे रूप आहे.

तिच्या कानाला खाच दिसते ना? ती मारामारीची नव्हे, जातीची तर नव्हेच. नसबंदी झाल्याची ती खूण.

(पर्वरी, फ्लॅटची गॅलरी)

हा पांढरा, झुबकेदार. काका त्याला पॉमेरियन म्हणतात, अख्खी इमारत म्हणते. पण पॉमेरियन म्हणजे जेमतेम दोन-तीन किलोचा जीव, आणि याला उचलताना काकांचे दोन्ही हात गुंततात. हा इंडियन स्पिट्झ. आपल्याकडचे बहुतेक 'पॉमेरियन' हेच असतात. काकांना आम्ही हे सांगितलं. त्यांना फारसं आवडलं नाही.

(म्हापसा, दुकानाची पायरी)

काळा कुत्रा दिसला की लोक म्हणतात, यात लॅब आहे. लॅब्राडोरची खरी खूण रंग नव्हे, शेपूट आहे: बुडाशी जाड, टोकाला निमुळती, पाणमांजराच्या शेपटीसारखी. शिवाय रुंद कवटी आणि दाट दुहेरी केस. पायरीवरच्या या पठ्ठ्याची शेपूट बारीक, वर वळलेली. मग लॅब कुठे आहे? आपल्या मनात.

संकराचं तर विचारूच नका. अमेरिकेत बार हार्बरच्या प्रयोगशाळेत स्कॉट आणि फुलर या शास्त्रज्ञांनी बसेंजी आणि कॉकर स्पॅनियल यांचा संकर केला. काम 1965 मध्ये प्रसिद्ध झालं. एक जात उभ्या कानांची, दुसरी लांब लोंबत्या. पुढच्या पिढ्यांतली कित्येक पिल्लं ना या आजीसारखी, ना त्या आजीसारखी. आईबाप माहीत नसते, तर छायाचित्र पाहून कुणीही तिसरंच नाव घेतलं असतं. जनुकीय चाचणीशिवाय मिश्रण सांगणं म्हणजे अंदाजपंचे.

आणि अशा अंदाजाच्या आधारे एखाद्या कुत्र्यावर बंदीही येऊ शकते. मार्च 2024 मध्ये केंद्राने 23 जातींविरुद्ध परिपत्रक काढलं, एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द केलं. असो.

(दत्तक शिबिर, टोपलीतली पिल्लं)

पाच पिल्लं, एकाच आईची. दीड महिन्याची, म्हणून कान अजून पडलेले. या वयात कानांवरून काही सांगता येत नाही. दोन-तीन महिन्यांत उभे राहतील, कधी आधी एकच. एक ताई विचारतात, "यातलं जर्मन शेफर्ड कुठलं?" स्वयंसेवक मुलगी सगळ्यांच्या शेपट्या दाखवते. ताई काळसर पाठीचं पिल्लू उचलतात.

दुपारपर्यंत दोन गेली. काळसर आणि पांढरं.

(टोपलीत उरलेली तीन तांबडी. इथून शेवटपर्यंत निवेदन नाही.)