शेजारचा आवाज आणि लहान गावाचा नियम

श्रोतेहो, नमस्कार.

लहान गावात आवाजाचा नियम करायला बसलं की मसुद्यात सगळ्यात आधी डेसिबलचा आकडा येतो. दिवसा इतका, रात्री इतका. पण रात्री 11 वाजता तक्रार येते तेव्हा आवाज मोजायचा मीटर कपाटात असतो आणि कपाटाची किल्ली घरी गेलेल्या कारकुनाच्या खिशात. मीटर पोहोचेपर्यंत गाणी बंद झालेली असतात. म्हणून नियमाचे सरळ दोन भाग करावेत: माणसांच्या आवाजाला घड्याळ आणि कान, यंत्रांच्या आवाजाला मीटर.

पहिल्या भागात गाणी, समारंभ, ड्रिल मशीन. इथे अट अशी लिहावी: ठरलेल्या वेळेनंतर त्या घराच्या हद्दीपासून 15 मीटरवर नुसत्या कानाला आवाज स्पष्ट ऐकू आला, तर नियम मोडला. 'स्पष्ट' म्हणजे काय, हेही तिथेच सांगून टाकावं. शब्द कळले नाहीत तरी नुसता ठेका ओळखू आला, तरी तो धरायचा. हे वाक्य राहून गेलं की प्रत्येक सुनावणीत 'शब्द कुठे ऐकू येत होते?' हाच वाद होतो. तपासायला गेलेल्या माणसाने वेळ, उभं राहण्याची जागा, अंतर, काय ऐकू आलं आणि किती मिनिटं, एवढं जागच्या जागी लिहावं. सोबत दुसरं कुणी असेल तर त्याचीही सही घ्यावी.

सवलती मात्र जपून द्याव्यात. रुग्णवाहिका, अग्निशमन, फुटलेली जलवाहिनी, यांवर कुणाचा वाद नसतो. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात गाडीतला आवाज 25 फुटांवर स्पष्ट ऐकू येऊ नये, असा कायदा होता. त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये तो रद्द केला. कानाची कसोटी संदिग्ध आहे, हे म्हणणं न्यायालयाने मानलं नाही. कायदा अडला तो मुख्यतः व्यापारी आणि राजकीय प्रचाराच्या गाड्यांना दिलेल्या सवलतीवर.

आता यंत्रं: पंप, कंप्रेसर, जनरेटर, एक्झॉस्ट पंखा. ही जागची हलत नाहीत, रोज चालतात, म्हणून मोजता येतात. इथे एकच ठरावीक आकडा लहान गावाला बसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 1999 च्या मार्गदर्शक सूचनांत रात्री शयनगृहाच्या खिडकीबाहेर सरासरी 45 डेसिबल धरले आहेत. पण गावातली रात्र मुळातच 30 डेसिबलची असेल, तर 42 चा कंप्रेसर नियमात बसूनही झोपू देत नाही. बीएस 4142 या ब्रिटिश मानकाची रीत इथे जास्त उपयोगाची आहे. ते यंत्राचा आवाज परिसरातल्या मूळ आवाजाशी ताडून पाहतं. तो सुमारे 5 डेसिबलने वर गेला तर त्रासाचं लक्षण, 10 ने गेला तर मोठ्या त्रासाचं. एकसुरी गुणगुण किंवा ठोके असतील तर तुलनेआधी वर काही डेसिबल आणखी मिळवतात.

मोजताना घोळ होतात ते बहुतेक ठरलेलेच. मोजणीच्या आधी आणि नंतर मीटर कॅलिब्रेटरवर, म्हणजे ठरावीक सूर काढणाऱ्या उपकरणावर, तपासावा. त्याचा सूर बहुधा 1000 हर्ट्झ, 94 डेसिबलचा असतो. मायक्रोफोनवर स्पंजची टोपी हवी, आणि वारा सेकंदाला 5 मीटरच्या वर असेल तर त्या दिवशी मोजूच नये. जमिनीपासून 1.2 ते 1.5 मीटर उंचीवर, भिंतींपासून किमान साडेतीन मीटर दूर मोजावं. भिंतीजवळ परावर्तनामुळे आकडा 3 डेसिबलपर्यंत फुगतो. मोबाइलमधलं अ‍ॅप अंदाजाला ठीक, दंडाला नाही.

यंत्र चालू ठेवून एकदा आणि बंद करून एकदा, त्याच जागी मोजावं. समजा चालू असताना 48, बंद असताना 45. मग यंत्राचा आवाज 3 डेसिबल? नाही, 45. डेसिबलची साधी वजाबाकी होत नाही. फरक 3 पेक्षा कमी आला तर त्या मोजणीवरून यंत्राबद्दल काहीच ठरवू नये; परिसर आणखी शांत असेल त्या वेळी परत जावं.

'मीटर कमी दाखवतो, पण डोक्यात घुमतं' असं कुणी म्हणालं तर ते उडवून लावू नये. मीटरचं नेहमीचं ए-मापन कानाच्या धाटणीने खालचे सूर कमी धरतं; ते 50 हर्ट्झच्या घुमणाऱ्या आवाजातून सुमारे 30 डेसिबल कापून टाकतं. खालचे सूर जवळपास पूर्ण धरणारं सी-मापनही त्याच मीटरवर घ्यावं; दोन्हींत 20 च्या आसपास फरक पडला तर दोष खालच्या सुरांचा. असा आवाज बऱ्याचदा इमारतीच्या अंगातून येतो. मग कुंपणाची भिंत वाढवून काय होणार? यंत्राखाली त्याच्या वजनाला साजेशा रबरी किंवा स्प्रिंगच्या बैठका आणि नळीत लवचीक जोड हवा.

हवेतून येणाऱ्या आवाजाला अंतर हा स्वस्त उपाय. मोकळ्यावर अंतर दुप्पट केलं की एका ठिकाणच्या यंत्राचा आवाज सुमारे 6 डेसिबलने उतरतो. दोन भिंतींच्या कोपऱ्यात ठेवलेलं यंत्र नुसतं बाहेर ओढलं तरी फरक पडतो. यंत्र दिसेनासं करणारी भरीव भिंत साधारण 5 डेसिबल देते, पण तिच्याखाली फट राहिली तर त्यातलं बरंच वाया जातं. झाडांची एखादी रांग सावलीला उत्तम, आवाजाला जवळपास निरुपयोगी.

नगरपालिकेच्या आदेशात 'आवाज कमी करावा' एवढंच लिहू नये. कोणतं यंत्र, कुठल्या बिंदूवर, मूळ आवाजापेक्षा किती वर चालेल, मुदत कोणती आणि फेरमोजणी कधी, हे सगळं लिहावं. तक्रारदाराचं नाव त्यात नको. फेरमोजणी त्याच बिंदूवर, त्याच प्रहरी करावी, आणि यंत्र पूर्ण भाराने चालतंय ना, हे आधी पाहावं.