एडिसनचं घर, मायलन गावातलं

नमस्कार श्रोतेहो.

मुलांकडे अमेरिकेला गेलेली आपली मंडळी नायगारा पाहतात, न्यूयॉर्क पाहतात. पण कुणाचं बिऱ्हाड ओहायोत असेल, तर माझं आग्रहाचं सांगणं आहे, एक दिवस मायलनसाठी ठेवा. क्लीव्हलंडहून मोटारीनं साधारण तासाभराची वाट. ११ फेब्रुवारी १८४७ रोजी थॉमस अल्वा एडिसन या गावात जन्मला.

एडिसनची मेन्लो पार्कची प्रयोगशाळा हेन्री फोर्डनं डिअरबॉर्नला नव्यानं उभी केली. हे घर मात्र जिथं बांधलं तिथंच आहे. विटांचं, आटोपशीर, सात खोल्यांचं. एडिसनचे वडील सॅम्युएल हे कॅनडातल्या १८३७ च्या उठावात होते. उठाव फसला, तसे ते सरहद्द ओलांडून इकडे आले, छपरावर घालायच्या लाकडी फळ्या करण्याचा धंदा मांडला आणि १८४१ मध्ये हे घर बांधलं. बैठकीच्या खोलीला लागून एक लहानशी झोपायची खोली आहे. आई नॅन्सी यांचं हे सातवं, शेवटचं मूल त्या खोलीत जन्मलं.

घर पाहताना गावाची कथा विचारायला विसरू नका, कारण मला तीच फार मोलाची वाटते. १८३९ मध्ये इथून कालवा निघाला आणि मायलन ईरी सरोवराशी जोडलं गेलं. शेतकऱ्यांच्या गव्हाच्या गाड्यांची रीघ लागायची, जहाजंही इथं बांधली जात. मग रेल्वे आली, ती मायलनला टाळून नॉर्वॉकवरून. गहू तिकडे वळला, कालवा ओस पडला, आणि १८५४ मध्ये एडिसन कुटुंबानं मिशिगनमधलं पोर्ट ह्यूरन गाठलं. मुलगा तेव्हा सात वर्षांचा. ज्या रेल्वेनं गावाचा रोजगार नेला, तिच्याच डब्यांत बाराव्या वर्षापासून तो वर्तमानपत्रं आणि खाऊ विकू लागला. सामानाच्या डब्यात त्यानं रसायनांच्या बाटल्या मांडल्या. तारायंत्र शिकला तेही स्टेशनमास्तरकडून, त्यांच्या लहानग्याला धावत्या डब्याखालून वाचवल्यावर!

या घरात मला सगळ्यात हलवून जाते ती १९२३ ची हकिकत. बहीण मॅरियननं १८९४ मध्ये घर पुन्हा कुटुंबात आणलं होतं, न्हाणीघरही बांधून घेतलं होतं. १९०६ पासून मालकी खुद्द एडिसनकडे. १९२३ मध्ये तो शेवटचा इथं आला, तर घरात अजून दिवे आणि मेणबत्त्याच! न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर त्याचं वीजकेंद्र १८८२ मध्ये सुरू झालेलं. एकेचाळीस वर्षं उलटली, तरी त्याच्या जन्मघरात वीज पोचली नव्हती. त्यालाही ते पाहून धक्काच बसला.

एडिसन १९३१ मध्ये गेला. त्याच्या पत्नीनं आणि मुलीनं घर सांभाळलं, आणि १९४७ मध्ये, जन्मशताब्दीच्या वर्षी, ते सर्वांना पाहण्यासाठी खुलं झालं. जायच्या आधी वेळा मात्र विचारून घ्या, आणि नातवंडांना सोबत न्याच.